तोंडं नसलेली माणसं

मुलांच्या वॉर्डात तो चष्मा आला त्या दिवशी केक कापला गेला. ऑपरेशनच्या आधी ज्या पोरांना सकाळपासून पाण्याचा घोटही द्यायचा नसतो, त्या उपाशी पोरांच्या खाटांमधोमध टेबल मांडून, त्यांच्या डोळ्यांदेखत, सात मोठ्या माणसांनी केक खाल्ला आणि बोटं चाटत 'मुलांचं मन जाणणारं रुग्णालय' या विषयावर टाळ्या वाजवल्या. ट्रॉलीवाल्या मावशींना तेव्हाच कळून चुकलं की या चष्म्यातून पुढे काय काय बघावं लागणार आहे.

चष्मा म्हणायचा आपला मान राखायला. डोळ्यांवर पट्ट्याने आवळायचा तो एक काळा डबा होता. मावशी त्याला झापडं म्हणत, घोड्याला बांधतात तशी. आत एक सिनेमा होता. डोकं फिरवाल तिकडे वॉर्ड दिसायचा, मग कॉरिडॉर, मग लिफ्ट, मग ऑपरेशन थिएटर. पोराने सगळं आधीच पाहिलं की त्याची भीती जाते, असा त्यामागचा विचार. आणि विचार वाईट नव्हता, हे मावशीही मान्य करत. भीती अर्धी तर अनोळखी जागेचीच असते. पण चांगला विचार कोणाच्या हाती पडतो यालाही नशीब लागतं. हा पडला अनुभवसाहेबांच्या हाती.

साहेबांचा हुद्दा 'रुग्ण-अनुभव अधिकारी'. वय तिशीच्या आतलं, बूट कायम चकचकीत, आणि स्वतःचा रुग्ण म्हणून अनुभव शून्य. आयुष्यात त्यांच्या अंगावर एक टाका पडलेला नव्हता. सिनेमा त्यांनीच काढून घेतला, एका सुट्टीच्या दिवशी, सगळं सामसूम असताना. भिंती रंगवल्या त्या कॅमेऱ्याला दिसतील तेवढ्याच. लिफ्ट चालवलीच नाही, कारण ती करकरते. तिच्यात नुसतं उभं राहून चित्रण केलं. ट्रॉलीवर कॅमेरा बसवला आणि ती ढकलायला मावशींना बोलावलं. चार तास मावशी कमरेत वाकून ढकलत होत्या आणि साहेब ओरडत होते, "मावशी, अजून खाली, अंबाडा येतोय!" एवढं करून शेवटी दोन हात आलेच. तेही नंतर पुसून टाकले. सिनेमात ट्रॉली आपली आपण चालते, भुताने झपाटल्यासारखी, आणि याने म्हणे मुलांची भीती जाते.

आणखी एक फतवा निघाला. ट्रॉलीच्या दांडीवर चिकटवलेला कागद: 'अनुभव सुरू असताना कर्मचाऱ्यांनी बोलू नये.' चोवीस वर्षं मावशी वॉर्डापासून थिएटरच्या दारापर्यंत पोरांशी बोलत आल्या होत्या. काय दुखेल, कशाचा वास येईल, किती वेळ लागेल, सगळं खरं खरं. दुखणारच नाही असं त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. पण आता त्या तोंड शिवून ट्रॉली ढकलत होत्या. सहा महिने झाले होते. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मावशी, तुमच्या पेन्शनला तीन वर्षं राहिली. गप्प बसायचे पैसे मिळतायत, बसा." मावशी बसल्या. त्याची त्यांना लाज वाटत होती, हे मात्र त्यांनी सिस्टरना सांगितलं नाही.

तर, सहा नंबरच्या खाटेवरची भिंगरी.

सात वर्षांची पोरगी. घरचं नाव भिंगरी, कारण कोणी बोललं की ही मान नाही, अख्खं अंगच गर्रकन वळवायची. उजव्या कानात पडद्यामागचं हाड सडत चाललेलं. डाव्यालाही निम्मंच ऐकू येई. कानाचे मोठे डॉक्टर महिन्यातून एकदाच बाहेरून यायचे आणि दहाच्या ठोक्याला पहिलं ऑपरेशन सुरू करायचे. भिंगरीची पाळी दोनदा हुकली होती. पहिल्यांदा सर्दी झाली म्हणून. दुसऱ्यांदा थिएटरच्या दारात तिने असा आकांत मांडला, की शांत करायला दिलेलं औषध थुंकून दिलं, भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या अंगठ्याला कडकडून चावली आणि ट्रॉलीवरून उडी टाकली. मोठे डॉक्टर बापाला स्पष्ट म्हणाले होते, "सड आता आतल्या नसेच्या जवळ पोचलीय. पुढच्या महिन्यात झालंच पाहिजे. नंतर तोंड वाकडं झालं, की माझ्याकडे बघू नका."

आणि यावर अनुभवसाहेबांनी काढलेला उपाय काय? त्या दिवशीही पोरीने सिनेमा पाहिला होताच. पण एकदाच. म्हणून आता तीनदा दाखवायचा. औषधाने उलटी झाली तर डोस वाढवा, अशातली गत.

तो 'पुढचा महिना' उजाडला. सव्वानऊ वाजता मावशी ट्रॉली घेऊन खाटेपाशी आल्या तेव्हा भिंगरी हिरव्या गाऊनमध्ये मांडी घालून बसली होती. शेजारी तिचे बाबा. हा माणूस उंच उंच इमारतींवर क्रेन चालवायचा, वीस मजले वर एका काचेच्या खोक्यात एकटा बसायचा, आणि इथे खाटेच्या कडेवर बसून त्याचे गुडघे लटलटत होते. आई घरी, कुशीत दहा दिवसांचं बाळ. ओठ पार झाकून टाकणाऱ्या झुपकेदार मिशांमधून तो लेकीशी काहीतरी पुटपुटत होता आणि लेक त्याच्याकडे कोरा चेहरा करून बघत होती.

"काय म्हणतेस, चॅम्पियन?" साहेब तिच्यासमोर उकिडवे बसले. गुळगुळीत दाढी, सावकाश बोलणं, प्रत्येक शब्दाला हसू. "आज आपण पुन्हा जादूच्या सफरीला जायचं ना?"

"ती जादू नाहीये," भिंगरी म्हणाली. "ते हेच हॉस्पिटल आहे."

"हो हो, म्हणजे तेच," साहेब म्हणाले.

"आणि आज भीती किती?" साहेबांनी पाच चेहऱ्यांचा तक्ता पुढे केला. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. भिंगरीने सगळ्यात रडक्यावर बोट ठेवलं. साहेब खूश झाले. सुरुवात जितकी वाईट, तितका उतार चांगला दिसतो.

मग त्यांनी डबा चढवला, पट्टा आवळला, वरून कानांवर गोळे बसवले. भिंगरी क्षणात लाकूड झाली. श्वाससुद्धा तोलून घ्यायला लागली. दोन्ही हातांनी खाटेचा गज धरला होता, बोटं पांढरी पडेपर्यंत.

"बघा, कशी तल्लीन झाली!" साहेब कुजबुजले.

मावशी बघत होत्या. विहिरीत पडलेलं मांजर असंच तल्लीन असतं.

एवढ्यात साहेबांचा फोन वाजला. पाहणी समिती दारात आली होती. साहेब टाय सारखा करत उठले. "मी त्यांना लिफ्टपाशी घेऊन येतो. तुम्ही बरोबर पावणेदहाला निघा. चष्मा काढायचा नाही हं, डोळ्यांवरून निघाला की मशीनला कळतं, लगेच पीं पीं करतं." आणि कागदाकडे बोट दाखवून, "बोलायचंही नाही." गेले.

मावशींनी दारापर्यंत चकचकीत बुटांचा आवाज ऐकला, मग डबा काढला. तो लगेच पीं पीं करायला लागला.

"अहो मावशी, साहेब चिडतील," बाबा घाबरून उठले.

"दादा, मुलगी रडतेय."

खरंच रडत होती. डब्याच्या आत, आवाज न करता. रबरी कडेचा वळ गालांवर उमटला होता आणि त्यातून पाणी ओघळत होतं.

मावशी समोर बसल्या. सहा महिन्यांनी त्या या वॉर्डात कामाचं पहिलं वाक्य बोलल्या. "भिंगरे, कशाला भितेस? सुईला?"

भिंगरीने त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. "नाही."

"मग?"

"तिथल्या माणसांना तोंडं नसतात."

बाबांनी हताश होऊन हात पसरले. "हे असलं काहीतरी बोलते. मी रात्रभर समजावतोय."

"बाबांचं मला ऐकू येत नाही," भिंगरी मावशींना म्हणाली, तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. "त्यांना मिशा आहेत."

मावशींनी मुद्दाम तोंडासमोर हात धरला आणि विचारलं, "तुला केळं आवडतं का?" भिंगरी गप्प. हात काढून तेच विचारलं. "आवडतं. पण आज देत नाहीत."

पोरगी डोळ्यांनी ऐकत होती. कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आईच्या आलं असेल, पण आईला विचारलं कोणी? साहेबांच्या गुळगुळीत तोंडाला ती पटापट उत्तरं द्यायची, म्हणून साहेबांनी लिहून ठेवलं होतं, 'सूचना उत्तम समजतात'. आणि मग जिचे डोळे हेच कान, तिच्या डोळ्यांवर डबा बांधून, उरल्यासुरल्या अर्ध्या कानावर गोळा बसवून, तिला अंधाऱ्या डब्यात एकटीला ढकलून दिलं होतं. बरं, डब्यातल्या सिनेमात थिएटरची सगळी माणसं बिनमास्कची. का? तर हसू दिसायला हवं! दंतमंजनाच्या जाहिरातीसारखे सगळे दात काढून उभे. पोरीने ते खरं मानलं. मागच्या वेळी दार उघडलं, आणि आत सहा माणसं, डोळ्यांखाली नुसतं कापड. बोलत होती तिच्याशी, पण तिच्या दृष्टीने सहाही मुकी. मग ती चावणार नाही तर काय?

"त्यांना तोंडं आहेत गं," मावशी म्हणाल्या. "कापडाखाली आहेत."

"मग झाकतात कशाला?"

"थुंकी उडते बोलताना. तुझ्या कानात पडायला नको."

"शी!" भिंगरी म्हणाली, आणि रडता रडता हसली.

"सिनेमात खोटं दाखवलंय. आत कोणी कापड काढणार नाही, म्हणजे तुला काही ऐकू येणार नाही. हे खरं आहे. म्हणून आपण दुसरं ठरवू." मावशींनी तिचा तळहात उघडून आपल्या मांडीवर घेतला आणि त्यावर एकदा बोट टेकवलं. "एक टिचकी म्हणजे सुई. मुंगीपेक्षा मोठी चावते, पण लगेच संपते. दोन टिचक्या म्हणजे नाकावर रबरी वाटी येणार. तिचा वास घाण असतो, नव्या चपलेसारखा. तीन म्हणजे आता झोप येणार. कळलं? काय?"

"एक सुई, दोन चप्पल, तीन झोप," भिंगरीने हातावर टेकवून दाखवलं. "पण टिचकी मारणार कोण? तुम्ही आत येणार?"

मावशी आत जाऊ शकत नव्हत्या. दाराशी जमिनीवर लाल पट्टा होता, त्याच्यापुढे ट्रॉलीवाल्यांनी पाऊल टाकायचं नाही. "भुलीचे डॉक्टर मारतील," त्या म्हणाल्या. "त्यांना अजून माहीत नाही. पण मारतील."

इकडे डबा पीं पीं करतच होता. शेजारच्या खाटांवरची पोरं मोठ्या आशेने बघायला लागली. मावशींनी आजूबाजूला पाहिलं आणि डबा उचलून बाबांच्या डोळ्यांवर चढवला. मशीन गप्प झालं.

"अहो मावशी, मी कसा..."

"तुम्ही ट्रॉलीचा गज धरा आणि मागून चालत या. काही बोलू नका. अनुभव सुरू आहे."

निघाले. पुढचं डावं चाक नेहमीप्रमाणे डावीकडे ओढत होतं, मावशी नेहमीप्रमाणे उजवीकडे रेटत होत्या. भिंगरी चालत्या ट्रॉलीवर उलटी बसली, म्हणजे मावशींचं तोंड दिसेल. आणि मागे तो दांडगा माणूस, डोळ्यांवर डबा, एका हाताने गज धरून, पाय चाचपत. दहा पावलं गेल्यावर त्याचे गुडघे थांबले. विसाव्या पावलाला तो म्हणाला, "छान आहे हो. ट्रॉली आपली आपण चालतेय."

मावशींनी दात आवळले.

लिफ्टपाशी समिती उभीच होती. दोन बायका, तीन पुरुष, गळ्यात पाट्या. साहेबांनी हात उंचावून सुरुवात केली, "आणि ही आमची..." आणि हात हवेतच राहिला. चष्मा बापाच्या डोळ्यांवर होता. मुलगी उघड्या डोळ्यांनी मावशींशी गप्पा मारत होती. साहेबांचा चेहरा तक्त्यातल्या चौथ्या चेहऱ्यासारखा झाला. पण तो माणूस साधासुधा नव्हता. अडीच सेकंदांत हसू परत आलं.

"हा आमचा पुढचा टप्पा. पालक!"

"अरे वा," समितीतल्या एक बाई म्हणाल्या. "आणि मूल बिनचष्म्याचं का?"

"तुलनेसाठी."

"वा वा," सगळ्यांनी लिहून घेतलं. बाबांना कानांवरच्या गोळ्यांमुळे काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी भिंतीकडे तोंड करून कोणाला तरी नमस्कार केला. साहेब मावशींच्या जवळून जाताना ओठ न हलवता म्हणाले, "आपण नंतर बोलू."

"हो, बोलायची परवानगी असली तर," मावशी म्हणाल्या, आणि लिफ्ट करकरत बंद झाली.

थिएटरच्या दारापाशी पोचल्या तेव्हा घड्याळात दहाला सहा मिनिटं कमी होती. भुलीचे डॉक्टर लाल पट्ट्यापलीकडे उभे होते. मास्क, टोपी, मध्ये दोन त्रासलेले डोळे. त्यांच्यामागे पुढच्या मुलाची फाईल हातात घेऊन एक नर्स तयारच होती.

"हीच ना ती?" डॉक्टरांनी अंगठा वर केला. "मावशी, माझ्याकडे आज वेळ नाही. ही गडबड करणार असेल तर आत्ता सांगा, दुसरा पेशंट घेतो. मोठे सर हात धुतायत."

भिंगरीला कापड हलताना दिसलं. ती गर्रकन नर्सकडे वळली, तिथेही कापड. मग मागे बापाकडे, तिथे डबा आणि मिशा. तिचा श्वास जोरात चालू झाला आणि पाय ट्रॉलीच्या कडेकडे सरकला. मावशींना तो पाय ओळखीचा होता. मागच्या वेळी उडी टाकण्याआधी तो असाच सरकला होता.

चोवीस वर्षांत त्यांनी डॉक्टरला कधी काही सुनावलं नव्हतं. पेन्शन, सिस्टर, दांडीवरचा कागद, सगळं डोक्यात येऊन गेलं आणि तरी तोंड उघडलंच.

"डॉक्टर, पट्ट्याच्या बाहेर या. आणि तोंड दाखवा."

"काय?"

"मास्क खाली करा. तिला तोंड बघून ऐकू येतं. सिनेमात तुम्हा सगळ्यांना तोंडं आहेत, इथे एकालाही नाही. म्हणून चावली ती."

डॉक्टर म्हणाले, "तिच्या फाईलमध्ये तर लिहिलंय की सूचना..."

"ज्यांनी लिहिलं त्यांनी समोर बसून लिहिलं. पाठीमागून हाक मारून बघा."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग बाहेर आले, ट्रॉलीला वळसा घालून भिंगरीच्या पाठीमागे उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "बाळा, खाली उतर आणि घरी जा." भिंगरी मावशींकडेच बघत राहिली. दुसरी कुठली पोरगी असती तर तेवढ्यावर पळत सुटली असती.

डॉक्टर पुढे आले. मास्क हनुवटीखाली ओढला. "तोंड दाखवा म्हणणारं पहिलंच माणूस भेटलं आज," ते पुटपुटले. "बाकीचे उलटंच सांगतात."

भिंगरी त्यांचं तोंड तपासत होती. "तुमचा एक दात वाकडा आहे."

"आहे. आणि तू चावतेस."

"मला वाटलं तुम्हाला तोंड नाही."

"मलाही वाटलं तुला कान आहेत," डॉक्टर म्हणाले. "चुकलं माझं."

मावशींनी चार वाक्यांत टिचक्या समजावल्या. डॉक्टर म्हणाले, "नवी चप्पल कशी? गाडीच्या ट्यूबसारखा वास असतो." यावर भिंगरीने ट्यूब कशी असते विचारलं, तेव्हा त्यांनी चप्पलच मान्य केली. मास्क वर चढवला, हात पुढे केला. भिंगरीने त्या हाताकडे पाहिलं, अंगठ्यावरचा स्वतःच्या दातांचा वण पाहिला, आणि आपला तळहात उघडून त्यात ठेवला. पाय कडेवरून आत घेतला.

दार बंद झालं. दाराला वर एक गोल काच होती. मावशी टाचा उंच करून बघत राहिल्या. हिरव्या कापडांच्या गर्दीत एक छोटा हात तेवढा दिसत होता. त्यावर एक बोट टेकलं. हात आखडला, पण हलला नाही. मग दोनदा टेकलं. मग बराच वेळ काही नाही. मग तीनदा, सावकाश. छोटी बोटं हळूहळू उलगडली.

मागे बाकावर बाबा डबा लावून बसले होते. सिनेमा संपून पुन्हा सुरू झाला होता आणि त्यांना कोणी काढायला सांगितलं नव्हतं.

ऑपरेशनला तीन तास लागले. सड नसेच्या अलीकडेच थांबली होती. मोठे डॉक्टर म्हणाले, आज केलं ते बरं झालं. डोक्याला ही एवढी पट्टी बांधलेली भिंगरी शुद्धीवर आली, तेव्हा मावशी तिला परत न्यायला आल्या होत्या. तिने डोळे किलकिले केले, मावशींचा हात ओढला आणि तळहातावर चार टिचक्या मारल्या.

"चार आपलं ठरलं नव्हतं," मावशी म्हणाल्या.

"चार म्हणजे केळं," भिंगरी म्हणाली.

आठ दिवसांनी टाके काढायला ती आली, तेव्हा वॉर्डाच्या दाराशी एक नवा फलक लागला होता. 'खाट क्रमांक सहा: भीती शून्यावर'. खाली एक रेघ, डोंगराच्या माथ्यावरून सुरू होऊन पायथ्याशी टेकलेली. मशीनने सलग तीन तास सिनेमा पाहिल्याची नोंद केली होती; एवढा पाहिला म्हणजे भीती गेलीच, असा साहेबांचा हिशोब. हा विक्रम होता. समितीने दुसऱ्या सिनेमाला मंजुरी दिली होती आणि त्यात ट्रॉली अजून गुळगुळीत चालणार होती. मावशींना लेखी समज मिळाली होती. ती त्यांनी चौघडी करून ट्रॉलीच्या डाव्या चाकाच्या फटीत दाबली. चाक तेवढ्यापुरतं सरळ चालायला लागलं. भुलीचे डॉक्टर मात्र आता रोज सकाळी पट्ट्याबाहेर येऊन प्रत्येक पोराला आपला वाकडा दात दाखवत होते. त्याची नोंद कुठेच नव्हती.

फलकासमोर एक दांडगा, अनोळखी माणूस उभा होता. वरच्या ओठावर कातडी कोवळी, पांढुरकी. मावशींनी दोनदा पाहिलं तेव्हा कुठे ओळख पटली. मिशा सफाचट.

"हे माझंच की," बाबा त्या रेघेकडे बघत म्हणाले. मग इकडे तिकडे बघून मावशींच्या कानाशी वाकले. लेक पार पलीकडे, खिडकीपाशी बाकावर पाय हलवत बसली होती. त्यांनी आवाज अगदी तळाला नेला. "मावशी, टाके काढताना तो चष्मा मिळेल का हो? मला जरा..."

"ते घाबरतात," खिडकीपासून भिंगरी मोठ्याने म्हणाली. "त्यांना द्या चष्मा. मला नको."